सिराजभाईंनी लपवलेल्या सुया

"सुया कुठे आहेत, अब्बा?"

"कुठल्या सुया?"

"कुठल्या म्हणजे? गवत शिवायच्या. पत्र्याच्या डबीतल्या. काल इथेच होत्या."

"असतील इकडेतिकडे."

"इकडेतिकडे नाहीत. ड्रॉवर बघितला, कपाटामागे बघितलं, तुमच्या टिफिनच्या पिशवीतसुद्धा बघितलं."

"माझ्या पिशवीत हात घातलास?" सिराजभाई ताडकन उभे राहिले. "हात धुतले होतेस का? जा, आधी हात धुऊन ये. साबणाने. मनगटापर्यंत!"

"विषय बदलू नका."

"मी विषय बदलत नाहीये, हात धू म्हणतोय."

"आणि आज मला न घेता का आलात? मी विश्रांतवाडीला कोपऱ्यावर उभी. फोन करतेय तर उचलत नाही. शेवटी बसने आले, तीही उभ्याने. तुमच्या स्कूटरवर जागा नव्हती?"

"तुला कायमचंच घरी बस म्हणतोय मी. आजच सरांना सांग, तब्येत बरी नाही."

"तब्येत उत्तम आहे. चौथा महिना आहे, आजार नाही. आणि तुमच्या तोंडून हे? दादी आठव्या महिन्यापर्यंत दुकानात पानांचे फर्मे शिवत होती, असं सगळ्यांना सांगत कोण फिरतं?"

"ती पुस्तकं होती."

"आणि हे गवत आहे. वाळलेलं. साप नाही."

सिराजभाईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते टेबलाकडे बघत होते. टेबलावर एका जाड, पिवळ्या पडलेल्या कागदावर एक गवत आडवं पडलं होतं. साप असता तर त्यांनी निदान आरडाओरडा केला असता.

ही बापलेक एरवी एकमेकांशी हिंदीत बोलतात. मराठीत भांडायला लागली की समजायचं, साक्षीदार हवे आहेत. साक्षीदार म्हणजे कॅमेऱ्यापाशी बसलेली मी, आणि काचेच्या केबिनमधले आमचे साहेब, केदार सर.

आमच्या संस्थेत वाळवलेल्या झाडांचा संग्रह आहे. एका कागदावर एक झाड, चिकटवलेलं किंवा शिवलेलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव काय, कुठे सापडलं, कोणी तोडलं, कधी, जमीन कशी होती. अशा शीट्सनी लोखंडी कपाटं भरलेली आहेत. सध्या आम्ही त्यातल्या एकाच गवताच्या मागे आहोत. सेवण. थरच्या वाळवंटात उगवणारं, कंबरेएवढं वाढणारं, गाईगुरांच्या जिवाचं गवत. राजस्थानातल्या एका अभ्यासगटाला हवं आहे की हे पूर्वी कुठे कुठे होतं, म्हणजे आता कुठे उरलं नाही ते कळेल. मी, एरवी नाटकं करणारी, इथे शीटचा फोटो काढते, अफशीन फोटोवरून चिठ्ठी टाइप करते, आणि कागदावरून सुटलेली गवतं सिराजभाई पुन्हा शिवून देतात. सेवणाचा बुडखा लाकडासारखा असतो. नुसत्या गोंदाला तो दाद देत नाही, त्याला टाके घालावे लागतात.

सिराजभाई मूळचे बाइंडर. भवानी पेठेत वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं, शाळांची हजेरीपुस्तकं आणि विद्यार्थ्यांचे लाल रेक्झिनमधले प्रबंध बांधायचं. संस्थेची जुनी पुस्तकं शिवायला म्हणून ते तरुणपणी आले आणि झाडं शिवायला राहिले. आता निवृत्ती हाकेच्या अंतरावर आहे. इतक्या वर्षांत त्यांनी बिकानेर, जैसलमेर, बाडमेरचं गवत हाताळलं, पण स्वतः सोलापूरच्या पुढे कधी गेले नाहीत. अफशीन टाइप करताना चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवायची, "रेताड टेकडी, विरळ झुडपं, उंट चरतात." मग ते मुळांतून टेबलावर पडलेली वाळू बोटाने गोळा करत म्हणायचे, "तिकडे उन्हात कोण कशाला जातं बाबा. चक्कर आली तर पाणी कोण देणार?"

घाबरणं हा त्यांचा स्वभाव. लिफ्टला घाबरतात. ऑडिटरला घाबरतात. कपाटात शिरणाऱ्या, तिळाएवढ्या तपकिरी किड्याला तर इतकं घाबरतात, की तो दिसला की आधी माझं नाव घेऊन ओरडतात आणि मग किडा म्हणतात. रस्ता ओलांडताना शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरतात, आणि पलीकडे पोचल्यावर त्यालाच सांगतात, "जपून जा हं." आम्ही हसायचो. तेही हसायचे. अफशीन म्हणायची, "अब्बांना भीती नसेल त्या दिवशी मला भीती वाटेल."

तो किडाच खरं तर या सगळ्याचं मूळ. त्याने झाड खाऊ नये म्हणून पूर्वी प्रत्येक झाड विषात बुडवत. पाऱ्याचं विष, जुने लोक त्याला रसकापूर म्हणत. स्पिरिटमध्ये तो विरघळवायचा, एनॅमलच्या तसराळ्यात ओतायचा, झाड बुडवायचं, टिपकागदावर निथळायचं. सिराजभाईंनी तरुणपणी हे उघड्या हातांनी केलं आहे. त्यांना काम शिकवणारे वस्ताद सांगत, "सुकलं की संपलं. मग ते नुसतं गवत." आता ते बंद झालं. आता नवीन झाडं फ्रीजरमध्ये ठेवतात, किडा थंडीने मरतो. पण जुन्या शीट्सवरचं विष कुठे जाणार होतं?

काही आठवड्यांपूर्वी एका प्रयोगशाळेची मुलगी तपासणीला आली. वैष्णवी नाव. तिच्याकडे हेअर ड्रायरसारखं दिसणारं यंत्र होतं. ते शीटवर धरायचं की पारा किती ते पडद्यावर दिसायचं. अफशीन त्या दिवशी रजेवर होती, पहिल्या सोनोग्राफीला गेली होती.

"काका, बोट बाजूला घ्या," वैष्णवी म्हणाली. सिराजभाईंनी सेवणाची शीट धरली होती. तिने यंत्र टेकवलं. आकडा चढायला लागला. थांबेल वाटलं तिथे थांबला नाही.

"हे जास्त आहे का बेटा?"

"बाकीच्यांपेक्षा बरंच. हे गवत दोनदा बुडवलंय की काय कोणी?"

"सुकल्यावर पण राहतं ते?"

"राहतं ना. धुळीत येतं, हाताला लागतं. तुम्ही ग्लोव्हज घालता ना?"

"घालतो, घालतो," सिराजभाई म्हणाले. त्यांच्या हातात ग्लोव्हज नव्हते. वैष्णवीने त्यांच्या हातांकडे बघितलं, त्यांनी शीट खाली ठेवली आणि हात खिशात घातले. ते दिवसभर खिशातच होते.

केदार सरांनी दुसऱ्याच दिवशी नियम लावले. ग्लोव्हज, मास्क, खोलीत चहासुद्धा नाही. अफशीनने पेढे आणून बातमी सांगितली तेव्हा तिला बजावलं, "तू फक्त टाइप करायचं. शीटला हात लावायचा नाही. कपाट उघडायचं असेल तर दुसऱ्याला सांगायचं." ती म्हणाली, "हो सर." सगळं व्यवस्थित झालं असं आम्हाला वाटलं.

सिराजभाई मात्र त्या दिवसापासून विचित्र वागायला लागले. चमच्याने जेवायला लागले. पोळीसुद्धा चमच्याने, म्हणजे काय दिसत असेल बघा. अफशीनने त्यांच्या डब्यातला घास घ्यायला हात पुढे केला की डबा मागे ओढायचे. ती पाणी प्यायला लागली की तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. एकदा मला हळूच विचारलं, "तुम्ही नाटकवाले लोक, सगळं वाचता. पोटातल्या बाळाला आईच्या तोंडातून काही जातं का हो?"

"म्हणजे काय, काका?"

"नाही, असंच. एका बाईचं विचारतोय."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. ते म्हणाले, "डॉक्टरांना विचारलं की डॉक्टर पण विचारतात." आणि गेले.

तर आता भांडणाकडे. केदार सर केबिनचं दार अर्धं उघडून उभे होते.

"भांडायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण ही झाडं बऱ्याच वर्षांपासून शांत पडली आहेत, त्यांना उठवू नका." मग ते थांबले. "एक मिनिट. अफशीन, तुझं काम टायपिंगचं ना? तुला सुया कशाला हव्यात?"

अफशीनने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी भिंतीकडे.

"मला नकोत सर. अब्बांसाठी शोधत होते. त्यांना चष्म्यातून नीट दिसत नाही."

"हां, दिसत नाही," सिराजभाई म्हणाले.

"बरं. मग सुया आहेत कुठे?"

सिराजभाईंनी शर्टाच्या आतल्या खिशातून डबी काढली. अफशीनचं तोंड उघडं राहिलं.

"तुमच्या खिशात होत्या? आणि मी सकाळपासून…"

"ते तुम्ही घरी भांडा," सर म्हणाले. त्यांना खरंच घाई होती. "सिराजभाई, ही शेवटची शीट. फोटो आज जायचे आहेत. दोन टाके घाला, मी इथेच थांबतो."

त्यांच्या मनात काही नव्हतं. काम संपवायचं होतं, एवढंच; घाईत त्यांना ग्लोव्हजही आठवले नाहीत. पण सिराजभाईंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी खुर्ची ओढली. डबीतून एक सुई निवडली, ती खाली पडली, दुसरी घेतली. मेण लावलेला दोरा उचलला. सुई उजेडाकडे धरली.

मी त्यांचे हात तेव्हा पहिल्यांदा पाहिले. म्हणजे रोज पाहायचे, पण ते कायम कशात तरी असायचे. खिशात, पिशवीत, एकमेकांत. आता ते दोन्ही उघडे होते आणि थरथरत होते. सुई एका बाजूला जायची, दोरा दुसऱ्या. दोऱ्याचं टोक नेढ्याच्या जवळ यायचं, अंगठ्याला लागायचं, परत लांब जायचं. ते थांबले. कोपरं टेबलावर टेकवली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. असं काही बघताना मधेच बोलता येत नाही आणि नजरही काढता येत नाही.

"राहू दे, सिराजभाई," सर शेवटी म्हणाले. आवाज बदलला होता.

"झालं, झालं. एकच मिनिट."

"अब्बा, द्या इकडे."

"तू नको! लांब हो!"

"द्या म्हणते ना!" तिला ते बघवेना. तिने त्यांच्या हातातून सुई आणि दोरा अक्षरशः ओढून घेतला. दोऱ्याच्या टोकाचे धागे विस्कटले होते. आणि तिने, न बघता, आपण खाज आली की खाजवतो तितक्या सहज, ते टोक ओठांत धरलं.

सिराजभाईंनी तिच्या हातावर फटका मारला. सुई उडून माझ्या पायापाशी पडली.

"तोंडात नको! तोंडात नको घालू! थूक! अफशीन, थूक ते, थूक!"

तिने हात छातीशी धरला होता. लहानपणापासून ज्यांनी तिच्यावर कधी बोट उगारलं नव्हतं, त्या बापाकडे ती बघत होती. ते गुडघ्यावर बसले होते आणि तिच्या तोंडासमोर स्वतःची ओंजळ धरून म्हणत होते, "थूक बेटा, माझ्या हातावर थूक." मग त्यांना हात आठवले आणि ते त्यांनी झटक्यात मागे घेतले.

केदार सर पुढे आले. त्यांनी आधी सिराजभाईंना खांद्याला धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं. मग अफशीनला म्हणाले, "तोंड धुऊन ये. चूळ भर. खूप वेळा." ती गेली. नळाचा आवाज येत राहिला. ती परत आली तेव्हा तिच्या ओढणीचा पुढचा भाग भिजला होता.

"आता मला सांगा," सर म्हणाले. "इतके दिवस शीट्स कोण शिवत होतं?"

"मी," अफशीन म्हणाली.

"कधीपासून?"

"बकरी ईदच्या आधीपासून. आम्ही लवकर येतो ना. तुम्ही सगळे यायच्या आत मी शिवून ठेवायचे. अब्बांचा हात हलतो. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. म्हटलं, तेवढे निघून जातील, कोणाला कळायची गरज नाही."

"ग्लोव्हज?"

"ग्लोव्हज घालून ही सुई ओवून दाखवा सर."

"आणि दोरा असा… तोंडात?"

तिने हो म्हणायला तोंड उघडलं, आणि बोलता बोलता जीभ ओठांवर फिरवायला निघाली होती, ती थांबली. आत घेतली.

"ओलं करून ओवायचं. टाका झाला की दाताने तोडायचा. मग उरलेल्या दोऱ्याचं टोक परत ओलं करायचं, परत ओवायचा. आमच्याकडे सगळे असंच करतात. दादी, फुफी, अब्बा. कात्री शोधत बसलं तर फर्मा सुटतो." तिचा आवाज एकसारखा होता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. "तोच दोरा गवतातून जातो, नाही का."

केदार सरांना प्रत्येक गोष्टीवर एक तिरकस वाक्य सुचतं. आज सुचलं नाही.

"तुमच्या 'घरी बस' म्हणण्यात काही भानगड आहे, इतकं मला कळत होतं," अफशीन वडिलांना म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या जावयाने, फैझलने, कान भरले असतील. नाहीतर लोक काय म्हणतील म्हणून. सरळ का नाही सांगितलंत? 'दोरा तोंडात घालू नकोस,' एवढंच तर वाक्य होतं."

"सांगणार होतो."

"कधी?"

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

"आता काय झालंय मला?"

सरांनी फोन उचलला. कोणा डॉक्टर मित्राशी बोलले. रक्त, लघवी, दोन्ही तपासायची. आजच. सॅम्पल घ्यायला कॅम्पात जावं लागेल. त्यांनी फोन ठेवला आणि अफशीनसमोर खुर्ची घेऊन बसले.

"घाबरण्यासारखं असेलच असं नाही."

"पण?"

"पण मला माहीत नाही. मी खोटं बोलणार नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंना आत्ता फोन कर, सगळं सांग. मी गाडी काढतो."

"बाळाला काही…"

"मला माहीत नाही, अफशीन."

तिने पोटावर हात ठेवला, मग तो उचलून बघितला, आणि कुठे ठेवावा ते न कळून तसाच हवेत धरला. मी तिच्यापाशी गेले. तिने मला लांबच थांबवलं. "मला हात नको लावूस," ती म्हणाली. "मी धुतलेत, तरी नको."

सिराजभाई खुर्चीत पुढे वाकून बसले होते. ओठ हलत होते, बहुधा काही पुटपुटत असावेत. हात आता लपवायचं कारण नव्हतं, ते मांडीवर उताणे पडले होते आणि आपले आपण हलत होते. अफशीन त्यांच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काही यायला लागलं.

"अब्बा, तुमचा हात शुगरमुळे हलतो ना?"

त्यांनी सुयांची डबी बंद करायला घेतली.

"तुम्हीच सांगितलंत. शुगर आहे, म्हणून. मी तुमचा चहा बिनसाखरेचा केला. अम्मीने भात बंद केला."

"शुगर नाही," सिराजभाई म्हणाले.

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, शुगर अगदी नॉर्मल आहे. मग म्हणाले, कामात कुठलं केमिकल वापरता का? कुठे काम करता?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"बाइंडर आहे म्हटलं. भवानी पेठेत."

"दुकान बंद होऊन किती वर्षं झाली अब्बा!"

"खरं सांगितलं असतं तर त्यांनी लिहून दिलं असतं. मग संस्थेत कळलं असतं. मग सरांनी मला घरी बसवलं असतं." ते केदार सरांकडे वळले. "बसवलं असतं ना, सर?"

"बसवलं असतं," सर म्हणाले. "आणि बरं झालं असतं."

खाली आवारात कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टूंटूं वाजत होतं. ते थांबेपर्यंत अफशीन थांबली. मग तिने अगदी हळू, आमच्यासमोर, स्वच्छ मराठीत विचारलं.

"डॉक्टरांनी केमिकलचं विचारलं, ते मी शिवायला बसायच्या आधी की नंतर?"

सिराजभाईंनी तिच्याकडे बघितलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. तो वाकडा बसला.

"आधी की नंतर, अब्बा?"

ते उठले. खुर्ची मागे सरकवून नीट टेबलाखाली ढकलली. दारापाशी काढून ठेवलेल्या चपलांत पाय घातले, आणि दार ढकलून बाहेर पडले.